भागीरथाबाईंचं जर-तर

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आमचं क्वार्टर आणि भागीरथाबाईंचं क्वार्टर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होतं. त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. त्यांच्याकडची फोडणी, आमच्याकडचा रेडिओ आणि माझं ओरडणं. मी वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि घरी आले तरी माझा आवाज शाळेतच असल्यासारखा लागायचा, असं माझे यजमान कृष्णकांत म्हणायचे. ते स्वतः हिशेब खात्यात होते आणि इतकं हळू बोलायचे की मीठ हवं की पाणी, हे मला त्यांच्या हाताकडे बघून ओळखावं लागायचं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्याच्या तोंडाला भागीरथाबाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फडक्यात बांधलेलं इंग्रजीचं गाईड होतं, कोपरे दुमडलेलं. वय पस्तिशीच्या आत, पण केस कानांपाशी पांढरे झालेले.

"बाई, मले इंग्रजी शिकवसान का जी?"

"कशाला?" मी विचारलं. माझं पहिलं उत्तर नेहमी असंच तुटक असतं.

"म्याट्रिक व्हायचं हाये. बाकीचे समदे विषय सुटले. हे एकच मेलं सुटून नाही राहिलं."

कारण मला ठाऊकच होतं, साऱ्या वसाहतीला होतं. जूनपासून वसाहतीत बालवाडी निघणार होती. महिला मंडळाच्या कुसुमताईंनी बालवाडीच्या बाई म्हणून भागीरथाबाईंचं नाव मनात धरलेलं होतं, कारण दुपारी ज्या पायरीवर त्या गहू निवडत बसायच्या, त्या पायरीभोवती वसाहतीतली सगळी बारकी पोरं आपोआप गोळा व्हायची. पण नियम होता, बाई मॅट्रिक पास पाहिजे. भागीरथाबाई इंग्रजीत वारंवार आपटलेल्या. मार्चमध्ये पुन्हा बसणार होत्या, आणि या वेळी राहिल्या तर कुसुमताई दुसरी कुणी बघणार होत्या. म्हणजे ती पोरं, ती पायरी, सगळं त्या गाईडावर अडलं होतं.

मी हो म्हणाले. माझ्याकडे शिकायला कुणी आलं की मी नरम पडते, आणि त्या दिवशी त्यांनी वाटीभर तिळाची चटणीही आणली होती.

शिकवणी त्यांच्या घरी, दुपारची. पुढच्या खोलीत चटई, मागच्या दाराशी बाज, आणि बाजेवर त्यांचे यजमान मारोतराव. ते केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते, रात्रपाळी करून यायचे आणि दुपारभर तोंडावर दुपट्टा घेऊन निजायचे. दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून सलग चार शब्द ऐकले नव्हते. माणूस वाईट नव्हता, गप्प होता. आमच्याकडे एक हळू बोलणारा आणि भिंतीपलीकडे एक मुळीच न बोलणारा, म्हणून वसाहतीत सगळा आवाज माझाच होता.

सुरुवातीचे धडे बरे गेले. मग आलं जर-तर. इंग्रजीच्या पेपरात तो प्रश्न ठरलेला, आणि भागीरथाबाई दर खेपेला नेमका तोच कोरा सोडून यायच्या. मी म्हटलं, आधी मराठीत बोलायचं, मग इंग्रजीत न्यायचं. अर्धं वाक्य मी टाकेन, उरलेलं अर्धं तुम्ही पुरं करा. जर-तर तीन तऱ्हेचं असतं. पहिलं, जे होऊ शकतं. दुसरं, जे नुसतं मनात आहे. तिसरं, जे झालं नाही आणि आता कधी होणारही नाही.

पहिल्या तऱ्हेत त्या झरझर चालल्या. मी म्हणायची, "बस आली तर..." त्या म्हणायच्या, "तं मी सीताबर्डीले जाईन." पाऊस आला तर वाळवण उचलीन. पोरगं रडलं तर गूळ देईन. सरळ, कामाचं बोलणं.

दुसऱ्या तऱ्हेला मात्र त्या सुटल्या. तिथं पाय ठेवला की मला त्यांना परत आणता येईना.

मी टाकलं, "मी पक्षी असते तर..." गाईडात असंच होतं. भागीरथाबाईंनी मान हलवली. "पक्षी नाही जी. पक्ष्याले का भेटते? मी डायवर असती तं."

"बरं. बसची ड्रायव्हर असतात तर काय केलं असतंत?"

आणि त्या बोलू लागल्या. आवाज उतरला, नजर दारातून बाहेर गेली. बाहेर दुपार अशी सुस्त पडलेली. चिमण्यांचा धूर सरळ वर जाऊन तिथंच अडकलेला, राख इतकी बारीक की पडताना दिसायची नाही, फक्त तुळशीच्या पानांवर साय धरायची. केंद्राची घरघर सतत चालू, पण तिची सवय झालेल्यांना ती शांतताच वाटायची. त्या घरघरीच्या लयीत भागीरथाबाई सांगत होत्या. त्या ड्रायव्हर असत्या तर लाल बस घेऊन निघाल्या असत्या. म्हातारीनं हात केला की थांबल्या असत्या, थांबा असो वा नसो. कळमेश्वर सोडून पुढे गावाकडच्या रस्त्याला लागल्या असत्या. खिडकीतून कापसाची बोंडं हाताला लागली असती. मग नाला आला असता. नाल्याला पूल नाही. पण बस थांबली नसती. ती पाण्याच्या वरून गेली असती, अलगद, चाकाला थेंब न लागता, आणि आतली पोरं खाली वाकून आपल्या सावल्या पाण्यात बघून हसली असती.

"मग?" मी विचारलं. मला स्वतःलाच कळलं नाही की मी विचारलं.

"मग काही नाही जी. पल्याड दवाखाना हाये. तिथं बस उभी केली असती."

मी भानावर आले. "भागीरथाबाई, एक वाक्य! एक वाक्य आणि एक पूर्णविराम. पेपर तपासणाऱ्याला तुमची बस नको आहे."

त्या हसल्या. "एका वाक्यात कुठं मावते जी?"

पण खरं सांगते, मला त्या बसमध्ये बसायची सवय लागली. शाळेत चौथा तास संपत आला की मला वाटायचं, आज त्या कुठं नेतील? त्या राणी असत्या तर राजवाड्यातल्या सगळ्या खोल्या रिकाम्या करून तिथं पाळणे बांधले असते. त्या ढग असत्या तर कोराडीच्या तळ्यावर सारखं न पडता माहेरच्या आंब्यावर पडल्या असत्या. एरवी मी जमिनीवरची बाई. मला स्वप्नंही पडतात ती शाळेच्या हजेरीची. त्या दुपारी मात्र डोळे उघडे ठेवून मी कुठं कुठं जाऊन यायची, आणि संध्याकाळी कृष्णकांत विचारायचे, "आज एवढी गप्प काहून?"

मग तिसरी तऱ्हा आली आणि गाडी रुतली.

मी टाकलं, "तो धावला असता तर..."

भागीरथाबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. "बाई, हे घरात नको."

"का?"

"असं झालं नाही, तसं झालं नाही, हे समदं रडगाणं हाये. वास्तू तथास्तु म्हणते जी."

वास्तूच्या तोंडी सदा 'तथास्तु' असतं, म्हणून घरात अभद्र बोलू नये, दिवेलागणीला तर मुळीच नाही, हे माझ्याही आईनं नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मला शंभरदा ऐकवलेलं होतं. पण इथं?

"अहो, हे सरकारी क्वार्टर आहे," मी म्हटलं. "उद्या बदली झाली की दुसरा येणार. याची कुणी वास्तुशांत केली आहे का? इथं कुठला वास्तुपुरुष?"

"दिवा लावतो तिथं असतेच जी," त्या म्हणाल्या. "वीज मंडळाच्या घरातली असली म्हणून का ती बहिरी असन?"

मी डोक्याला हात लावला. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पहिली आणि दुसरी तऱ्हा घरात, तिसरी घराबाहेर. म्हणून माघ महिन्यात, डोक्यावर पदर घेऊन, मी आणि भागीरथाबाई इंग्रजी व्याकरणासाठी रोज वसाहतीच्या फाटकाबाहेर चालत जाऊ लागलो. आधी बसथांब्यावर बसायचो. "तो धावला असता तर त्याला बस मिळाली असती." त्या हे खणखणीत आवाजात म्हणायच्या आणि थांब्यावरचा एखादा माणूस दचकून रस्त्याकडे बघायचा. लोक बघतात म्हणून मग तळ्याकाठी जाऊ लागलो. तिथं एक बाभळ होती, तिच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत. समोर पाणी, पाण्यात उलट्या चिमण्या, उलटा धूर. तिथं बोललेलं कुणाला लागत नाही, असं भागीरथाबाईंचं म्हणणं.

तळ्याकाठी त्यांनी तिसरी तऱ्हाही काबीज केली. लवकर उठली असती तर गाडी चुकली नसती. खत घातलं असतं तर पीक आलं असतं. इंग्रजीतही नीट येऊ लागलं. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले.

आणि मग गाईडातलं ते वाक्य आलं, जे साऱ्या महाराष्ट्रातल्या पोरांनी पाठ केलेलं असतं. मी टाकलं, "डॉक्टर वेळेवर आला असता तर..."

भागीरथाबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

"बोला. रोगी..."

"हे सोडून द्या जी."

"सोडून कसं देऊ? हेच येतं पेपरात. दर वर्षी कुणी ना कुणी मरतोच त्यात."

"तं नापास होईन मी," त्या म्हणाल्या. रागानं नाही, गहू संपले म्हणावं तशा. "पण हे एक म्हणवत नाही मले."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. वच्छला. पाचवं लागलेलं. तेव्हा त्या गावी होत्या, कळमेश्वरच्या पलीकडे, मारोतराव शेती करायचे. श्रावणात पोरीला ताप चढला. मारोतरावांनी बंडी जुंपली, पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि दवाखान्याकडे निघाले. वाटेत नाला भरून आलेला. मारोतराव बैलांचे कासरे धरून काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "थांबू थोडं. पाणी उतरन." ते थांबले. पाणी उतरलं तेव्हा उजाडत होतं, आणि मांडीवरचं अंग गार पडलेलं होतं.

"तवापासून घरात तिचं नाव निघालं नाही," भागीरथाबाई म्हणाल्या. "शेती भावाले देऊन हे इकडं आले. मी एक चकार शब्द बोलली नाही त्यायले. पण मी 'असं झालं असतं तं' म्हटलं, आन् ते बाजेवरून आयकून राहिले, तं त्यायले का वाटन?"

"ते झोपलेले असतात," मी म्हटलं.

"नाही जी. दुपट्ट्याखाली डोळे उघडे असतेत."

म्हणजे भीती वास्तूची नव्हती, किंवा नुसती वास्तूची नव्हती. मला एकदम त्यांच्या बसच्या वाटेवरचा नाला आठवला, आणि पल्याडचा दवाखाना. मी गाईड फडक्यात बांधून ठेवलं. आम्ही दोघी उलट्या चिमण्यांकडे बघत बसलो. पुढे ते वाक्य मी टाकलं नाही.

पण काळजी लागली ती लागलीच. शिकवणारीला कळतं, पोर कुठं अडणार ते. त्या पेपर हातात घेतील, त्या वाक्यापाशी येतील आणि पेन खाली ठेवून तिथंच नाल्याकाठी बसतील. मागच्या प्रत्येक खेपेला हेच झालेलं असणार. म्हणून तो प्रश्न कोरा. मी कृष्णकांतांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, या बाई पोरं सांभाळायला जन्मलेल्या आहेत आणि एका मेल्या वाक्यापायी घरी बसणार. ते हळूच म्हणाले, "ते वाक्य त्यांचं एकटीचं नाही ना." मी म्हटलं, जरा मोठ्यानं बोला, पण ऐकू मला आलं होतं.

इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची उजळणी घ्यायला गेले. दिवेलागण झाली होती. भागीरथाबाई देवापाशी वात सारखी करत होत्या. मारोतराव बाजेवर बसले होते, दुपट्टा खांद्यावर. मी चटईवर बसले आणि पहिल्या तऱ्हेची दोन-चार वाक्यं टाकली. त्यांनी ती पुरी केली. दुसरीचीही केली. मग मी गाईड मिटलं. घरात तिसरी तऱ्हा नाही, हा आमचा करार होता.

"बाई," मागून आवाज आला. कुणाचा हे कळायलाच मला क्षण लागला. मारोतराव बोलत होते. "तुमचं ते अर्धं वाक्य टाकाचं असते ना. एक मी टाकू का जी?"

भागीरथाबाईंचा हात वातीपाशी थांबला.

मी म्हणाले, "टाका ना."

मारोतरावांनी घसा साफ केला. जमिनीकडे बघत, एकेक शब्द कोळशाच्या पाटीसारखा उचलत ते म्हणाले, "मी त्या रोजी नाल्यापाशी थांबलो नसतो तं..."

आणि पुढचं टाकलं नाही. खेळाचा नियमच तसा होता. किती दुपारी त्यांनी दुपट्ट्याखालून तो ऐकला होता कोण जाणे. घरघर चालू होती. देवापाशी ज्योत उभी राहिली होती. मी भागीरथाबाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या आता बोट ओठांवर ठेवतील, 'दिवा लागला जी, घरात नको' म्हणतील. त्यांनी ठेवलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. उरलेलं अर्धं वाक्य कुठलं, ते त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मारोतराव इतकी वर्षं तेच एक ऐकायची वाट बघत बसले होते.

भागीरथाबाई वळल्या. नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "तं आपण तिघंबी वाहून गेलो असतो."

मारोतरावांनी मान वर केली.

"पाणी पाह्यलं होतं मी," त्या म्हणाल्या. "बैलबी गेले असते. वच्छी माह्या मांडीवर तरी गेली. पाण्यात कुठं सापडली असती?"

ते नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं, तेही ऐन दिवेलागणीला. मारोतरावांनी दुपट्टा तोंडाला लावला आणि उठून मागच्या अंगणात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी पडत राहिलं.

भागीरथाबाई माझ्यासमोर चटईवर बसल्या. डोळे पुसले. मग स्वतःहून, मी न विचारता, तेच नाल्याचं वाक्य त्यांनी इंग्रजीत म्हटलं. हळू, अडखळत, पण पूर्णविरामापर्यंत. माझ्या सगळ्या नोकरीत दुरुस्त करायला काही सापडलं नाही असं ते एकच वाक्य. सापडलं असतं तरी मी केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परीक्षेच्या गाडीत बसवून आले. त्या परत आल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. डॉक्टर आला होता का पेपरात? "आला होता जी," त्या म्हणाल्या. "लिहून टाकलं. त्याले का घाबरायचं आता?"

जूनमध्ये निकाल लागला. काठावर पास, पण पास. निकालाचा पेपर घेऊन मीच वसाहतभर ओरडत फिरले. कुसुमताईंनी त्यांना हार घातला, आणि बालवाडी वसाहतीच्या टोकाला एका रिकाम्या खोलीत सुरू झाली. भागीरथाबाई तिथं कित्येक वर्षं राहिल्या. पोरांना त्या गोष्टी सांगायच्या त्या सगळ्या 'मी असती तं' पासून सुरू व्हायच्या. लाल बस अजून पाण्यावरून जायची, आणि मी शाळेतून येताना खिडकीपाशी रेंगाळून तेवढा प्रवास फुकट करून घ्यायची.

एक सांगायचं राहिलं. त्या खोलीपुढून एक नाली जायची. एरवी कोरडी, पण आषाढ-श्रावणात अशी भरायची की पोरांच्या गुडघ्यांवर पाणी यावं. असा पाऊस लागला की मारोतराव पाळी संपवून घरी न जाता थेट तिथं यायचे, अंगावर कोळशाची भुकटी तशीच, आणि एकेका पोराला खांद्यावर घेऊन पलीकडे नेऊन सोडायचे. मी छत्री धरून काठावरून ओरडायची, "अहो मारोतराव, थांबा जरा, पाणी उतरू द्या!"

ते थांबायचे नाहीत.